काकांची दोन मिनिटं

आमच्या वस्तीतली मी पहिली पदवीधर. बी.ए., शहापूरच्या कॉलेजातून, दुसरा वर्ग. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे बिघडलं ते माझ्या शिक्षणामुळंच बिघडलं. वस्तीत एक माणूस शिकला की कागदाचं, आकड्याचं आणि माइकचं प्रत्येक काम त्याच्या गळ्यात येतं. रेशनकार्डातली चूक, लग्नाची पत्रिका, आणि कोणी गेलं की त्याचा जीवनपरिचय. गेल्या थंडीत आमच्या शेजारचे काका गेले, तेव्हा त्यांचाही मीच लिहिला. पण जे लिहायला पाहिजे होतं ते त्यात लिहिता आलं नाही. म्हणून आता लिहिते.

आमची वस्ती डोळखांबच्या रस्त्याला. चाळीसेक घरं, सगळी बौद्ध, मधोमध विहार. काका आमचे सख्खे कोणी नव्हेत. माझ्या बापाचे दोस्त, आणि दोन्ही घरांचं अंगण एक. ते शहापूरला एका कचेरीत शिपाई होते. कचेरीत त्यांनी काय काय केलं असेल ते असो, पण तिथून ते वस्तीसाठी एक गोष्ट घेऊन आले, ती म्हणजे दोन मिनिटांचं मौन.

झालं असं की कोणी मोठा पुढारी वारला आणि कचेरीत साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. काका चहाचा ट्रे घेऊन दारात होते. साहेब म्हणाले, तुम्हीही उभे राहा. काका म्हणाले, साहेब, मी उभाच हाय. ही गोष्ट ते शंभर वेळा सांगायचे. मग म्हणायचे, "दोन मिनिटं साहेब पण हात बांधून उभा आन मी पण हात बांधून उभा. कोन साहेब, कोन शिपाई, काय कळत नव्हतं. माझ्या हातात ट्रे व्हता, एवढाच फरक."

त्यानंतर वस्तीत पहिली गेली ती मोळ्या विकणारी एक म्हातारी. तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे शोकसभेला, काकांनी सगळ्यांना उभं केलं. लोकांना काही माहीत नाही. थोडा वेळ झाल्यावर मागून कोणीतरी विचारलं, "आपण कोनाची वाट बगतोय?" काका डोळे न उघडता म्हणाले, "म्हातारीची." ती म्हातारी आयुष्यभर डोक्यावर मोळी घेऊन लोकांच्या दारात उभी राहिली होती. तिच्यासाठी चाळीस घरं उभी राहिली, हे वस्तीला फार आवडलं. तेव्हापासून तो नियमच झाला. काका म्हणणार, "उभे ऱ्हा," मग काका डोळे मिटणार, आणि काका "बसा" म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही. त्यांच्या हातात घड्याळ नसायचं. त्यांची दोन मिनिटं ही त्यांचीच दोन मिनिटं. कोणी मोजली नाहीत.

मोजली ती मी.

माझा बाप सहा वर्षांमागे गेला, ऐन पावसात. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. पुण्यानुमोदनाला विहारात सगळे मौनाला उभे राहिले. मला सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं. मोबाइल हातातच होता, म्हणून नजर कुठंतरी गुंतवायला मी त्यातलं मोजायचं घड्याळ चालू केलं आणि आकडे बघत बसले. आकडे पळताना बघितले की रडू येत नाही, हे मला परीक्षेत कळलं होतं. एक्केचाळीस सेकंदांवर काका म्हणाले, "बसा."

तो आकडा घरी येऊन मी आईला सांगितला. ही माझी चूक. ती मान्य करते.

आई म्हणाली, "चाळीस?"

"एक्केचाळीस."

"आन उन्हाळ्यात गेला त्या दारुड्याला किती दिली व्हती?"

"त्याची कुठं मोजली होती कोणी?"

"माझे पाय दुखले व्हते त्याच्या वेळी. पाय खोटं बोलतात काय?"

दुसऱ्या दिवशी आईनं अंगणाच्या मधोमध काठ्या रोवल्या आणि कुंपण घातलं. ज्या अंगणात दोन्ही घरांचं भात वाळायचं, त्याचे दोन तुकडे झाले. काकी आणि आई लग्न होऊन आल्यापासून लावणीला एकाच ओळीत उभ्या राहायच्या, एकमेकींच्या पोरांना पाजायच्या. त्या दिवसापासून आई काकीशी बोलली नाही. कारणही सांगितलं नाही. "ज्याला समजायचं त्याला समजेल," एवढंच. काका कुंपणावरून शेवग्याच्या शेंगा टाकायचे आणि म्हणायचे, "वहिनी, शेंगा." आई उत्तर द्यायची नाही. शेंगांची आमटी मात्र करायची.

इकडं माझ्या मोबाइलची बातमी वस्तीत पसरली. उघडपणे कोणी बोलायचं नाही, पण कार्यक्रम उरकला की नळावर नाहीतर दुकानात कोणीतरी हळूच विचारायचं, "किती भरली?" मीही मूर्ख. शिकलेल्या माणसाला कोणी काही विचारलं की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. मी मोबाइलमध्ये यादीच ठेवली. बैलांचा व्यापार करणाऱ्या एका आजोबांना तीन मिनिटं पाच सेकंद. आमच्या विहार समितीच्या अध्यक्षांच्या आईला एक मिनिट दहा. त्यावरून अध्यक्ष तीन महिने काकांना जय भीम घालत नव्हते. एका घरात थोरल्या जावेला दीड मिनिट आणि धाकटीला सव्वादोन भरली, तर थोरलीचे मुलगे वेगळे निघाले. बाकीचीही कारणं असतील, पण निमित्त तेच.

शेवटी मीटिंग झाली. ठराव झाला की मौन घड्याळाप्रमाणे. शहापूरच्या बाजारातून भिंतीवरचं घड्याळ आणून विहारात टांगलं. त्याला तासाला गाणं वाजायचं, हे कोणी बघितलं नव्हतं. पहिल्याच मौनात बारा वाजले. बारा ठोके आणि प्रत्येक ठोक्यामागं कोकिळेची शीळ. सगळे माना खाली घालून उभे, एक पोरगा मोजतोय, सात, आठ. काका डोळे मिटून शेवटच्या शिळेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बसा. पाखराचं झालं." त्या दिवशी घड्याळाचा सेल काढला आणि मौन परत काकांकडं गेलं.

हे काका गेल्या थंडीत झोपेत गेले. अध्यक्ष आमच्या घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पोरी, जीवनपरिचय तू वाच. आन मौन पण आता तूच घे. तुझ्याकडं ते मोजायचं हाय."

मी आत गेले तर आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चाळीस दे."

"आई."

"एक्केचाळीस नको. चाळीस."

"अगं, गेलेलं माणूस आहे."

"माझं काय आलेलं व्हतं?"

त्यावर बी.ए.ला काही शिकवलेलं नव्हतं. मी कामावर सुट्टी टाकली आणि दोन दिवस विचार करत फिरले. चाळीस दिले तर काकीला जन्मभर लागेल. तिची दोन्ही मुलं कल्याणला, कार्यक्रम झाला की निघून जाणार. मग ती एकटी, आणि कुंपणापलीकडं माझी आई. पूर्ण दोन मिनिटं दिली तर आई त्या कुंपणाला तारा लावेल. मला आई माहीत आहे.

त्यात काकीचा भाऊ आला. काकीचं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. तो जीप भरून माणसं घेऊन आला आणि गळ्यात शिट्टी घालून आला. त्यांच्या गावात मौन तोच घेतो. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमच्याकडं शिट्टी हाय. वाजली का उभं, वाजली का खाली. पुढारी असो नायतर गुराखी, बरोबर दोन मिनिटं. तुमच्याकडं म्हणं माणूस बघून देतात."

मी म्हणाले, "मामा, शिट्टी कबड्डीला ठीक आहे."

"कबड्डीला पण माझीच असते," तो म्हणाला.

अध्यक्षांनी मध्ये पडून तोडगा काढला. उभं राहायला पाहुण्यांची शिट्टी, बसायला मी सांगायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जीवनपरिचयाचं थोडं राहिलं होतं म्हणून वही घेऊन काकीकडं गेले. पांढरं लुगडं नेसून ती मागच्या पडवीत बसली होती. मी नोकरीचं साल विचारलं, आजाराचं विचारलं. ती म्हणाली, "साखर व्हती. आठ वर्सं." मी लिहिलं. ती म्हणाली, "आता सांगते ते लिहू नको."

"नाही लिहीत."

"त्याला धरवत नव्हतं गो."

मला आधी कळलं नाही. तिनं करंगळी दाखवली.

"साखर झाल्यापासून त्याला दम निघत नव्हता. लागली का लागली. कचेरीतून सुटला तो त्याच्यापायीच, मुदतीआधी. पण विहारातलं काम सोडंना. मी म्हटलं, दुसऱ्याला दे. तर म्हणे, ही गोष्ट मी आणली, मीच करणार. कोनाचा कार्यक्रम असला का सकाळपासून पाणी प्यायचा नाय, वाळून जायचा. उन्हाळ्यात निभायचं. थंडीपावसात नाय निभायचं. मग काय, आली का बसा म्हणायचा आन पळायचा विहाराच्या मागं."

मी विचारलं, "माझ्या बापाच्या वेळी?"

"तुझ्या बापाच्या वेळी तर तो तुमच्याच घरी राबत व्हता पहाटेपासून, भिजलेला. तुझ्या आयनं दोन कप चहा पाजला त्याला. नाय म्हणत व्हता, तर ती म्हणाली, भावोजी, तुमी आजारी पडाल. आला घरी आन मला म्हणाला, दोस्ताला अर्धवट सोडला मी आज. जेवला नाय दोन दिवस."

मी तिथंच मोबाइल काढला आणि यादी उघडली. प्रत्येक नावापुढं तारीख होती. बैलांचा व्यापारी, मे महिना, तीन मिनिटं पाच. अध्यक्षांची आई, डिसेंबर, एक दहा. थोरली जाऊ ऑगस्टात, धाकटी मार्चमध्ये. एकही नाव हुकलं नाही. सहा वर्षं अख्खी वस्ती ज्यावरून माणसाची किंमत ठरवत होती, भाऊ भावाशी वैर धरत होता, ती किंमत नव्हती, हवामान होतं. आणि त्याची नोंद एका पदवीधर बाईनं ठेवली होती.

विहारापुढं मंडप घातला होता. बौद्धाचार्यांनी त्रिसरण पंचशील दिलं, जलदानाचा विधी झाला, मग भाषणं सुरू झाली. एक जण काकांबद्दल बोलायला उठला आणि स्वतःच्या घराच्या मंजुरीबद्दल बोलून बसला. मी बायकांच्या ओळीत आईशेजारी जाऊन बसले आणि तिच्या कानात सगळं सांगितलं. चहासकट.

आई समोर बघत म्हणाली, "खोटं बोलते ती."

दुसरं भाषण सुरू झालं. वक्ते म्हणाले की काकांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे. आईनं मला कोपरानं ढोसलं.

"तो त्या दिशी बसा म्हणाला आन विहाराच्या मागं गेला व्हता."

"मग?"

"मला वाटलं तंबाखू मळायला गेला. म्हटलं बघा, माझा नवरा मेला आन ह्याला तंबाखूची घाई."

पुढचं भाषण. आई पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग परत कोपर.

"दोन नाय गो दिले," ती म्हणाली.

"काय?"

"चहा. तीन दिले व्हते. तिसरा तो उभ्यानंच प्याला. नको वहिनी, नको वहिनी म्हणत व्हता, आन मी म्हटलं, प्या मुकाट."

तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

मी जीवनपरिचय वाचला. जन्म, कचेरी, ट्रेची गोष्ट, मोळीवाली म्हातारी. लोक ऐकत होते, काकी मान हलवत होती. मग मी म्हणाले की आता दोन मिनिटं उभं राहायचं, आणि काकीच्या भावानं शिट्टी मारली. एवढ्या जोरात की वस्तीतले सगळे कुत्रे पळत आले आणि मंडपाच्या तोंडाशी उभे राहिले. लोकही उभे राहिले. मंडपामागं भाताच्या टोपाशी असलेला आचारीसुद्धा झारा हातात घेऊन, मान खाली घालून उभा राहिला. मी घड्याळ चालू केलं.

पंधरा सेकंदांवर आईचे खांदे हलायला लागले.

चाळिसाव्या सेकंदाला मी तिच्याकडं बघितलं. तिनं सांगितलेला आकडा तोच होता, आणि ती हात करेल असं मला वाटलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता, डोळे घट्ट मिटले होते आणि ती वरपासून खालपर्यंत हलत होती. हसत होती. सहा वर्षांचं हसू होतं ते, मला तिथून दिसत होतं. दुसऱ्या कोणाला दिसत नव्हतं. शेजारच्या बाईला वाटलं आई हुंदके देतेय, तर ती पण रडायला लागली. तिचं बघून पुढची ओळ रडायला लागली. ज्या थोरलीचे मुलगे वेगळे झाले होते, त्यातला एक धाकटीच्या मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला.

दोन मिनिटं झाली. काकीच्या भावानं शिट्टी तोंडात धरून माझ्याकडं बघितलं, गाल फुगवले. मी हातानं थांबवलं. माझा इलाज नव्हता. मी "बसा" म्हटलं असतं तर सगळ्यांनी पदर, रुमाल बाजूला करून एकमेकांकडं बघितलं असतं, आणि आई हसताना सापडली असती. वस्तीत ज्या बाईनं काकांशी वैर धरलं, ती त्यांच्या पुण्यानुमोदनाला हसली, हे पुढं चाळीस वर्षं चाललं असतं. आई थांबेपर्यंत थांबायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

तीन मिनिटं. अध्यक्ष एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. कोणीही बसेना, कारण आधी बसणारा तो काकांना कमी समजणारा. मागून करपल्याचा वास यायला लागला. आचाऱ्याला तो सगळ्यांच्या आधी आला असणार, पण गडी मान खाली घालून तसाच. साडेतीन. आई जराशी थांबली, मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिला परत उबळ आली. बहुतेक "प्या मुकाट" आठवलं असेल.

चार मिनिटं तेरा सेकंदांवर तिनं पदर तोंडातून काढला, डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हा मात्र ती हसत नव्हती. कधी बदललं ते मला कळलं नाही. मी म्हणाले, "बसावं."

भात खालून पुरता करपला होता. तीनशे माणसं जेवली, पण कोणी एक शब्द काढला नाही. उलट आचाऱ्याला लोक जाऊन भेटत होते. काकीचा भाऊ पानावरून म्हणाला, "आमच्याकडं दोनच. पण बरं वाटलं." अध्यक्षांनी मला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की बापाला कमी मिळालं असताना या पोरीनं काकाला चार मिनिटं दिली, मन मोठं लागतं, आणि ते शिक्षणानं येतं. मी नमस्कार केला. शिक्षणाची बाजू पडू द्यायची नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलेलं आहे.

संध्याकाळी पाहुण्यांची जीप गेली. काकीची मुलं रात्रपाळी आहे म्हणून निघाली, आठ दिवसांनी येतो म्हणाली. आई आमच्या ओट्यावर बसून ते बघत होती. मग ती उठली, अंगणात गेली आणि कुंपणाच्या काठ्या उपटायला लागली. वळसा घालून गेली असती तर वीस पावलं पडली असती. पण ती काठ्याच उपटत बसली, एक निघेना तेव्हा मला हाक मारली. वाट झाल्यावर पलीकडं गेली आणि काकीसमोर उभी राहिली.

"सहा वर्सं," आई म्हणाली. "तुला तोंड नव्हतं?"

काकी म्हणाली, "तू कुठं विचारलंस?"

"मी कशाला विचारू? माझा नवरा गेलेला."

"मग मी कशाला सांगू? माझा जिता व्हता. नवऱ्याची असली गोष्ट वस्तीभर करू?"

"वस्तीभर नाय गो. मला सांगायची व्हती. मला."

"तू काठ्या रोवल्यास."

"रोवल्या. तू उपटायच्या व्हत्यास."

काकी सरकली आणि बाजूला जागा झाली. आई बसली. बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि तेवढं एक मौन मी मोजलं नाही. मग काकी हळूच म्हणाली, "आज तू लय रडलीस त्याच्यासाठी." आईनं माझ्याकडं बघितलं. मी घरात गेले.

अंधार पडल्यावर आईनं तिकडूनच हाक दिली, माझी गोधडी आण, ही एकटी हाय. मी गोधडी घेऊन गेले तर दोघी चुलीपुढं पाय पसरून बसल्या होत्या आणि बोलणं जोरात चाललं होतं. सहा वर्षांत कोणाची सून कशी निघाली, कोण कोणाशी भांडलं, कोणाच्या बारशाला काय झालं, सगळं दोघींनी दोन बाजूंनी बघितलेलं, आणि आता ताळा घ्यायचं काम सुरू होतं. मी विचारलं, आई, झोपणार कधी?

"तू जा," आई म्हणाली. "आमी आजून पहिल्याच वर्सात हाव."